शेजारच्या सीटवरून दिसणारं स्वातंत्र्य कुणाचं?

अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून फिरून आलेला माणूस हमखास एकच शब्द घेऊन येतो : स्वातंत्र्य. एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत मोकळा रस्ता, वाळवंटावरचं चांदणं, मध्यरात्रीची कॉफी, आणि ड्रायव्हर म्हणजे रस्त्याचा राजा. यावर गाणी झाली, सिनेमे झाले. इकडचा पांढरपेशा वाचक ते वाचून हरखतो.

मी गोदीतला मजूर. अमेरिका पाहिलेली नाही. ट्रक मी मागच्या बाजूने ओळखतो, माल जिथून चढतो-उतरतो तिथून. म्हणून कुणी राजा म्हटलं की मी आधी विचारतो, बाबा रे, या राजाला मजुरी कोण देतं? आणि कशाची देतं?

तिकडे लांब पल्ल्याच्या बहुतेक ड्रायव्हरांना मैलावर पैसे मिळतात. चाक फिरलं तर पैसा. गोदामाच्या धक्क्याला गाडी लावून चार-पाच तास ताटकळावं लागलं, तर त्याचे पैसे अनेकदा मिळतच नाहीत. १९३८ सालच्या कामगार कायद्याने आठवड्याच्या चाळीस तासांवर दीडपट मजुरी दिली, पण एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल नेणाऱ्या ड्रायव्हरला त्यातून वगळलं. ते वगळणं आजही चालू आहे. दिवसाला अकरा तास गाडी चालवायची, तीही चौदा तासांच्या आत. हे चौदा तास तो धक्क्यावर उभा असला तरी सरत राहतात. डिसेंबर २०१७ पासून इंजिनाला जोडलेलं यंत्र मिनिटामिनिटाची नोंद ठेवतं. शेजारी बसलेला रस्ता बघतो. चालवणारा घड्याळ बघतो.

आणि शेजारी बसायचं म्हटलं तरी ते ड्रायव्हरच्या हातात आहे का? नाही. केंद्र सरकारचा नियम आहे : कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय ट्रकमध्ये कुणालाही बसवायचं नाही. त्या कागदावर माणसाचं नाव हवं, कुठून कुठवर जाणार ते हवं, परवानगी कधी संपते ती तारीख हवी. गुरंढोरं वाहून नेताना त्यांची देखभाल करायला नेमलेला माणूस मात्र कागदाविना बसू शकतो. म्हणजे डुकरांचा राखणदार चालतो, पण पोटच्या पोराला सुट्टीत शेजारी बसवायचं तर मालकाची सही लागते. हा राजा!

गाडी कुणी हाकायची आणि शेजारी कुणी बसायचं, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. १९२९ साली चाळीसगावात बाबासाहेबांना टांग्यातून वस्तीवर न्यायचं होतं. टांगेवाल्यांनी नकार दिला. अस्पृश्य उतारूसाठी टांगा हाकणं त्यांना कमीपणाचं वाटलं. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मिळाला नाही. वस्तीतल्याच एकाने लगाम धरला. त्याला सवय नव्हती. टांगा उलथला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. भाडं मोजूनही गाडीवानाचा हात मिळत नाही, हे आपण भोगलंय. म्हणून अमेरिकेतल्या ट्रककडे बघताना आपला डोळा शेजारच्या सीटवर नाही, स्टिअरिंगवर जायला हवा. तिथं कोण बसलंय? कुणाला बसू दिलं नाही?

याचं उत्तर अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या १९७७ सालच्या निकालात आहे. टी.आय.एम.ई.-डी.सी. नावाची देशभर मालवाहतूक करणारी कंपनी, आणि टीमस्टर्स ही ड्रायव्हरांची बलाढ्य युनियन. कंपनीत ड्रायव्हरांच्या दोन जाती होत्या. लाइन ड्रायव्हर लांब पल्ल्याचा, सिटी ड्रायव्हर शहरातल्या शहरात माल पोचवणारा. जादा पैसा लाइनवर. मार्च १९७१ अखेरीला कंपनीत १,८२८ लाइन ड्रायव्हर होते. त्यांत काळे किती? आठ. स्पॅनिश आडनावाचे पाच. हे आठही सरकारने खटला भरल्यानंतर घेतलेले. अटलांटा शहरात निम्म्याहून जास्त वस्ती काळ्यांची, पण तिथल्या ठाण्यावरचे ५७ लाइन ड्रायव्हर झाडून सगळे गोरे. १९६९ पर्यंत एक अपवाद सोडला तर या कंपनीने लांब पल्ल्याचं स्टिअरिंग काळ्या माणसाच्या हाती कायमचं दिलंच नव्हतं.

म्हणजे मोकळ्या रस्त्याची ती गाणी जोरात होती, तेव्हा तो रस्ता गोऱ्यांसाठी राखीव होता. राखीव जागांवर बोंब मारणाऱ्यांनी हे आरक्षणही मोजावं.

कोर्टाने काय केलं? कंपनी पद्धतशीर भेदभाव करते हे मान्य केलं. पण खरी मेख ज्येष्ठतेच्या यादीत होती. सिटी ड्रायव्हर लाइनवर गेला की कामाची निवड आणि कपात यांसाठी त्याची जुनी ज्येष्ठता संपायची. वीस वर्षं घाम गाळलेला काळा माणूस कालच्या पोराच्या खाली उभा. कोर्ट म्हणालं, यादी सर्वांना सारखी लागू आहे, म्हणून कायदेशीर. १९६४ चा नागरी हक्क कायदा जुलै १९६५ मध्ये लागू व्हायच्या आधी ज्यांना नाकारलं, त्यांना ज्येष्ठता मिळणार नाही. थर्गुड मार्शल या काळ्या न्यायाधीशाने या मुद्द्यावर विरोधी मत लिहिलं. त्यांच्या बाजूला एकटे ब्रेनन.

दोस्तहो, ‘सर्वांना सारखी’ हा शब्द नीट ऐका. आधी शंभर वर्षं दार बंद ठेवायचं, मग उघडून म्हणायचं, रांगेत उभे रहा, नियम सगळ्यांना सारखाच. आपल्याकडे याला ‘मेरिट’ म्हणतात.

पुढे १९८० साली मोटार कॅरिअर कायदा आला. सरकारने वाहतुकीवरची बंधनं सैल केली. युनियन खिळखिळी झाली, मजुरी घसरली. काळ्यांना लाइनचं दार उघडतंय न उघडतंय तोच आतला ऐवज गेला. आपल्याकडे वेगळं काय झालं? अनुशेष भरायची वेळ आली आणि कायम नोकरीच गेली, कंत्राट आलं. कंत्राटदाराच्या मस्टरवर कसली ज्येष्ठता आणि कसली राखीव जागा!

१९६६ साली ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर उभा राहिला, १९७२ साली मुंबईत आपण ते नाव घेतलं. नाव घेतलं, कविता घेतली, मूठ वळायला शिकलो. आता त्यांच्या ड्रायव्हरांचा, हमालांचा, कोर्टात हरलेल्या माणसांचा हिशेबही घेतला पाहिजे. कारण लढाई नुसती आत शिरण्याची नाही. आत गेल्यावर यादीत कुठे उभं करतात, त्याचीही आहे.

तेव्हा यापुढे परदेशातल्या ट्रकमधून फिरून आलेला कुणी स्वातंत्र्याच्या गोष्टी सांगू लागला, तर ऐकून घ्या. चांदणं खरंच असेल. मग त्याला एवढंच विचारा : गाडी धक्क्यावर उभी होती तेव्हा ड्रायव्हरचा मीटर चालू होता का? त्याच्या बापाला ही सीट मिळाली असती का? आणि तू बसलास त्या सीटच्या कागदावर सही कुणाची होती?

जय भीम.