वायर झाका, दोष झाकू नका



घटस्थापना जवळ आली की घरोघरी झाडलोट आणि रंगरंगोटी सुरू होते. भिंत उजळली की तिच्यावर लोंबणारी वायर डोळ्यांत खुपते. सुताराकडून सागवानी नक्षीची पट्टी आणून ती झाकावी असे वाटते. त्यात गैर काही नाही. पूर्वी लाकडी पट्टीतूनच वायरी नेत. खाली दोन खाचांची पट्टी, वर झाकणपट्टी. रीत चांगली होती, पण तिचे नियम होते.

परभणी जिल्ह्यात तर ते पाळलेच पाहिजेत. सणापाठोपाठ वेचणी येते आणि मानवत-सेलूच्या बाजारात भाव चढेपर्यंत कापूस घरातच रचलेला असतो. लाकूड, ठिणगी आणि कापूस एकत्र आले तर वर्षाची कमाई आणि घर दोन्ही जाईल.

झाकण्याआधी सगळी वायर तपासून घ्या. आवरण कडक झाले, तडकले किंवा उंदरांनी कुरतडले असेल तर ती बदलाच. चिकटपट्टी गुंडाळलेला जोड पट्टीआड कधीही ठेवू नका. सैल जोड हळूहळू तापतो. त्यातून जाणारा प्रवाह नेहमीइतकाच असतो, म्हणून फ्यूज किंवा एमसीबी तो ओळखत नाही. जोड हवाच असेल तर तो उघडता येणाऱ्या डबीत, स्क्रूच्या कनेक्टरने करावा.

काम परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या. नुसते बटण बंद करून भागत नाही. मेन स्विच बंद करून टेस्टरने खात्री करावी आणि घरात सर्वांना सांगून ठेवावे. दिवे-पंख्यांना दीड आणि जास्त भाराच्या प्लगला अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घालावी. झाकलेली वायर उघड्या वायरीपेक्षा जास्त तापते, म्हणून बारीक वायर नको.

वायर आधी पीव्हीसीच्या पट्टीत घालावी आणि वर शोभेचे लाकूड लावावे, हे उत्तम. झाकण खिळ्यांनी ठोकू नका. आखूड स्क्रूंनी कडेला बसवा, म्हणजे वायरीला भोक पडणार नाही आणि पुढे उघडून पाहता येईल. पट्टी सरळ उभी किंवा आडवीच न्यावी. तिरकी नेली तर पुढे कोणी फोटोसाठी खिळा ठोकताना वायरीवरच घाव घालेल.

माळवदातून पाझरणाऱ्या भिंतीवर, चुलीजवळ आणि न्हाणीत लाकूड नको. ओलीने वाळवी लागते आणि करंटही उतरतो. मीटर आणि मेन स्विच यांवर नक्षी चढवू नका. मीटरपर्यंतची वायर महावितरणची आहे, तिला हात लावू नये.

शेवटी अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा. एमसीबी वायरीला जपते, आरसीसीबी माणसाला.

कापूस पट्टीपासून आणि बोर्डापासून दूर रचा. अधूनमधून पट्टीवर कोरडा हात ठेवून पाहा. ती गरम लागली, जळका वास आला किंवा दिवा लुकलुकला, तर मेन स्विच आधी बंद करा आणि मगच वायरमनला बोलवा.

घर देखणे दिसावेच, पण त्यात रात्री निर्धास्त झोपही लागावी.