लेख झाला का?

दिवाळी अंकातला लेख दिवाळीत लिहिलेला नसतो, हे किती वाचकांना ठाऊक असेल कोण जाणे. संपादकांचे पत्र येते ते आषाढात. पत्र कसले, हल्ली फोनवरचा दोन ओळींचा निरोपच. पण 'आपला लेख गणपतीपूर्वी हाती यावा' ही त्यातली धमकी जुन्या पत्रांइतकीच नम्र असते. बाहेर डोंबिवलीचा पाऊस कोसळत असतो, घरात दोऱ्यांवर तीन दिवसांचे कपडे आंबत असतात, आणि अशा वेळी मी उटण्याचा वास, आकाशकंदील आणि पहाटेची गोड थंडी यांविषयी प्रसन्न चित्ताने लिहावे अशी अपेक्षा असते. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला. त्यांच्या लेखकांनीही चकल्या भर पावसातच तळल्या असणार. असो.

यंदा विषय ठरला होता 'आई आणि लेखणी'. विषय माझ्या हातचा, कारण गेली काही वर्षे या सदरात मी घरच्याच माणसांवर लिहीत आले आहे. सासूबाईंचा रेडिओ, आमच्या ह्यांचे घोरणे, चिरंजीवांचे प्रताप. बाहेर जाऊन अनुभव गोळा करायला मला सवड कुठे? सकाळी डबे, मग ठाण्याचे कॉलेज, तिथे तासांपेक्षा समित्यांचेच अहवाल जास्त, संध्याकाळी पुन्हा कणीक. लिहिणे व्हायचे ते लोकलमध्ये, वीस-पंचवीस मिनिटांत, एका हाताने वरची कडी धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने. मराठी वाङ्मयाचा इतिहास शिकवताना मी 'लेखकाची बैठक' असा शब्द वापरते. लेखिकेची बैठक म्हणजे डोंबिवलीपर्यंत मिळालेली चौथी सीट!

आमच्या चिरंजीवांना, इयत्ता सातवी, ही दशा पाहवली नसावी. एके दिवशी त्याने माझा फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून उभा केला आणि म्हणाला, "आई, तू नुसतं बोल. हा लिहून घेतो."

"मराठीतून?"

"मराठीतूनच. फक्त भरभर बोलू नकोस, आणि वर्गात बोलतेस तसं बोलू नकोस."

"तुला बोलायची सवय आहेच," हे वर्तमानपत्राआडून म्हणाले. या घरात माझ्या लेखनाला मिळालेले पहिले उत्तेजन ते हेच.

मला बहिणाबाई चौधरींची आठवण झाली. जळगावकडच्या या माउलीला अक्षरओळख नव्हती. ती शेतात राबताना, जात्यावर बसताना गाणी म्हणे, आणि मुलगा सोपानदेव आणि घरातला एक आप्त ती कागदावर उतरवून ठेवीत. १९५१ साली बहिणाबाई गेल्या, सोपानदेवांनी तो ठेवा आचार्य अत्र्यांना दाखवला, आणि १९५२ साली पुस्तक निघाले. दरवर्षी मुलांना हे सांगताना माझा गळा दाटतो. आता माझ्याही घरी जाते (म्हणजे मिक्सर) होते, ओव्या होत्या, आणि लिहून घेणारा तर मसाल्याच्या डब्याला टेकून उभाच होता. मी पदर खोचला.

हा लेखनिक कसा आहे म्हणून विचाराल, तर कष्टाळू आहे पण बहुश्रुत नाही. मी 'वात्सल्य' म्हटले, त्याने 'वाचलं ते' लिहिले. 'मातृत्व'चे त्याने 'मात्र तो' केले, आणि त्यामुळे वाक्याला जो अर्थ आला तो आमच्या ह्यांना फार आवडला. 'पूर्णविराम' म्हणावे तर गृहस्थ 'पूर्णविराम' हा अख्खा शब्द लिहून पुढच्या आज्ञेची वाट पाहतो. कुकरच्या शिट्ट्या मात्र तो सोडून देतो, एवढी त्याची संपादकीय दृष्टी चांगली म्हणायची. मी अर्धा पाऊण तास बोलत होते. आईपण कसे विनोदाने निभवावे, मुलांशी संवाद कसा राखावा, यावर फार मार्मिक बोलले, असे तेव्हा मला वाटले.

रात्री सगळे निजल्यावर मजकूर तपासायला बसले. पहिल्या परिच्छेदात संवादाचे महत्त्व होते. त्याच्या पोटातच, विरामचिन्हांवाचून, हे आले:

'आई थांब रे लेख चाललाय आई ऐक ना ती कोथिंबीर दे इकडे आई मला उद्या बसने जायचं नाही बरं ताटं घे आणि मुलांच्या मनात काय चालले आहे हे आईला न सांगता कळते'

माझी भाषा, त्याची भाषा, कोथिंबीर, सगळे एका ओळीत. पहिल्यांदा मला हसू आले. उद्या स्टाफरूममध्ये वाचून दाखवू असे मनात आले. मग मी पुढे वाचत गेले. 'थांब' हा शब्द नऊ वेळा होता. मोजले, कारण पेपर तपासून तपासून मोजायची खोड लागली आहे. आणि सर्वांत शेवटी, संवादाच्या समारोपापाशी: 'आई तू माझ्यावर नको ना लिहूस हो हो राजा मीठ किती घातलं मी.'

'हो हो राजा' असे मी म्हटले होते. मला त्यातले काहीच आठवेना. शेजारी कट्ट्यावर उभ्या असलेल्या मुलाचे बोलणे त्या बिनकानाच्या वस्तूने टिपले होते आणि आई मिठाची चव पाहत होती.

सकाळी मी कॉलेजात रजा कळवली आणि त्याला शाळेत पायीच सोडायला निघाले. छत्री एकच घेतली, म्हणजे लांब चालता येत नाही. स्टेशनच्या पुलापर्यंत तो गप्प होता. मग हळूहळू निघाले. मागच्या दिवाळीत मी त्याच्या लहानपणच्या एका भीतीवर लिहिले होते. लेख गाजला होता. मला पुष्कळ फोन आले होते. वर्गातल्या कुणाच्या तरी आईने त्या पानाचा फोटो काढून पालकांच्या गटात टाकला, खाली 'किती गोड!' असे लिहून. आयांच्या फोनवरून तो मुलांच्या फोनवर गेला. तेव्हापासून बसमध्ये त्याला एका नावाने हाक मारतात.

"इतके महिने बोलला का नाहीस?"

"तुला किती फोन येत होते," तो म्हणाला. "तू खूश होतीस."

यावर मला काही सुचले नाही. मराठीची एम. ए. आहे मी. वीस वर्षे शब्दांवर पोट भरते. छत्री त्याच्या बाजूला अधिक कलती केली, एवढेच.

नाव कोणते ते इथे सांगणार नाही. तसा शब्द दिला आहे. बसमधल्या मुलांचे काय करायचे तेही त्याने मला ठरवू दिले नाही. "तू शाळेत येऊन भाषण करू नकोस," अशी ताकीद आहे. वर्गशिक्षिकेशी फक्त फोनवर बोलले, तेही त्याला विचारून. सध्या तो आणि त्याचा एक मित्र सायकलने जातात. पावसात भिजतात. सासूबाई मला दोष देतात, आणि या वेळी त्यांचे बरोबर आहे.

'आई आणि लेखणी' मी पुसून टाकला. संपादकांना कळवले की विषय हातातून निसटला. त्यांचे उत्तर आले, "निसटला त्याचेच लिहा, पण सोमवारपर्यंत." म्हणून हा मजकूर, अंगठ्याने, उभ्याने, ठाणे ते डोंबिवली असा चार फेऱ्यांत लिहिलेला. लेखनिक फोनमध्येच आहे, पण स्वयंपाकघरात त्याला आता मज्जाव आहे.

पाठवण्याआधी लेख चिरंजीवांपुढे ठेवला. त्याने गृहपाठ तपासावा तसा, लाल पेन घेऊन, वाचला. "'माउली'त उ ऱ्हस्व का?" असे विचारले, आणि ते सांगताना मला बरेच बरे वाटले. मग चार ओळी खोडल्या आणि खाली सही केली. खोडलेल्यांपैकी दोन ओळी फारच छान साधल्या होत्या हो. पण संपादकांनी मागितल्या तरी मिळणार नाहीत.