सुट्टीपुरते घर

डिसेंबर अर्धा सरला की बनारसच्या दुर्गाघाट, ब्रह्माघाट भागातल्या मराठी घरांत ठेवणीतल्या गाद्या गच्चीवर पडू लागतात. ऊन असेल तर! अमेरिकेतल्या, इंग्लंडमधल्या मुलांना लांबलचक रजा मिळते ती नाताळात, आणि नेमके त्याच दिवसांत गंगेवर असे दाट धुके उतरते की पलीकडचा काठ दिसत नाही. दिल्लीहून निघणारे विमान तिथेच थांबते. आगगाड्या सहा-आठ तास उशिरा येतात. दोन आठवड्यांच्या रजेतला एक दिवस असा धुक्यात जातो, प्रवासात दोन, आणि पुढचे दोन-तीन झोपेत. दिवसा मुलगा घोरत असतो आणि रात्री तीन वाजता स्वयंपाकघरातला दिवा लागतो. आईही उठून येते. खरे बोलणे होते ते बहुधा याच वेळी, चहाच्या कपावर. दिवसा गाठीभेटी असतात, बँकेची कामे असतात, वडिलांच्या डोळ्यांची तपासणी असते. पहाटे पहाटे कुणीतरी गल्लीत जाऊन मातीच्या कुल्हडात मलइयो घेऊन येते. तो फेसाळ पदार्थ थंडीतच मिळतो, तेव्हा नाताळच्या रजेचा एवढा एक फायदा म्हणायचा.

काशीत मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या आला तो राहायलाच. कुणी वेदाध्ययनासाठी, कुणी पेशव्यांच्या, होळकरांच्या, भोसल्यांच्या आश्रयाने. पण नोकरीसाठी आलेल्यांची गोष्ट थोडी वेगळी. त्यांतले एक घर सगळ्या महाराष्ट्राच्या ओळखीचे आहे.

विष्णु वासुदेव नारळीकर मूळचे कोल्हापूरचे. केंब्रिजला जाऊन ते रँग्लर झाले आणि तिथेच संशोधनही करू लागले. पंडित मदनमोहन मालवीय यांनी त्यांना हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्रमुख म्हणून बोलावले आणि १९३२ साली, वयाची पंचविशी गाठण्याआधीच, ते बनारसला आले. परदेशातून घरी परतणे म्हणतात ते हेच. फक्त घर कोल्हापुरात होते आणि परतणे झाले गंगेकाठी. त्यांच्या पत्नी सुमतीबाई संस्कृतच्या जाणकार. विश्वविद्यालयाच्या अर्धवर्तुळाकार आवारातल्या त्या घरात १९३८ साली जन्मलेला जयंत आणि त्याचा धाकटा भाऊ अनंत वाढले. शिकायला येऊन राहिलेला मामा घरातल्या फळ्यावर भाच्यासाठी एखादे अवघड गणित लिहून ठेवी आणि ते सुटेपर्यंत पुसत नसे. अशा घरातून मुलगा केंब्रिजला निघाला यात नवल ते काय!

१९५७ साली बी. एस्सी. होऊन जयंत निघाला. त्या काळी ‘सुट्टीला घरी येणे’ ही काय चीज होती, हे आजच्या मुलांना सांगूनही पटणार नाही. केंब्रिजची वर्षे आठ-आठ आठवड्यांच्या तीन सत्रांची. नाताळची आणि ईस्टरची सुट्टी घरी येण्याच्या दृष्टीने नसल्यासारखीच. उरला जून ते ऑक्टोबरचा उन्हाळा. बोटीने यायचे तर जाण्यायेण्यातच महिना-सव्वा महिना मोडायचा. विमानाचे भाडे प्राध्यापकाच्या पगारात बसण्यासारखे नव्हते, आणि त्यातच १९५७-५८ ही परकीय चलनाच्या भयंकर टंचाईची वर्षे. मग काय, निळी हवाई पत्रे! एका कागदावर, कडेकडेने, घडीवरसुद्धा लिहिलेली. आई पत्र वाचून दाखवी आणि घरातले सगळे ऐकत, असे दृश्य त्या काळच्या किती तरी घरांत होते. पत्रात आजारपण लिहायचे नाही, असा अलिखित नियमही बहुतेक घरांत असे. उत्तर येईपर्यंत आजार बरा झालेला असायचा, नाहीतर व्हायचे ते होऊन गेलेले असायचे.

१९५९ साली मुलगाही वडिलांप्रमाणे रँग्लर झाला. पण पुढच्याच वर्षी एक गोष्ट घडली. २८ वर्षे बनारसला काढून विष्णुपंत राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष म्हणून अजमेरला गेले. आवारातले घर नोकरीचे होते. ते दुसऱ्या प्राध्यापकाकडे गेले असणार, हे ओघानेच आले. मुलाने निघताना ज्या दारात आईला नमस्कार केला होता, ते दारच आता घरचे राहिले नाही.

परदेशी गेलेल्यांच्या दुःखांत हे दुःख सहसा कुणी मोजत नाही. आपण दूर असताना घर जागेवर आहे, अशी मनाची एक समजूत असते. तीच खुंटी, तीच पायरी. ती समजूत मोडते ती अशी, एखाद्या पत्रातल्या दोन ओळींनी: ‘पुढच्या महिन्यापासून पत्ता बदलेल.’ बँकेतल्या, रेल्वेतल्या, विद्यापीठातल्या वडिलांच्या मुलांना हे बरोबर कळेल. सुट्टीत ‘घरी’ जायचे ते अशा गावी, जिथे आपण कधी शाळेत गेलो नाही, जिथला एकही दुकानदार आपल्याला ओळखत नाही. घरी आई असते आणि तिच्या हातचे वरण तेच असते. पण पाण्याचा माठ कुठल्या कोपऱ्यात आहे, हे मात्र तिला विचारावे लागते.

जयंत नारळीकरांना १९६३ मध्ये डॉक्टरेट मिळाली आणि केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजची फेलोशिपही. १९६४ मध्ये फ्रेड हॉईल यांच्यासह मांडलेल्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांताने त्यांचे नाव भारतातल्या घराघरांत पोहोचले. १९६५ साली पद्मभूषण मिळाले तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. १९६६ साली मंगला राजवाडे यांच्याशी विवाह झाला. त्याच सुमारास विष्णुपंतही अजमेर सोडून पुणे विद्यापीठात लोकमान्य टिळक प्राध्यापक म्हणून आले. म्हणजे घर पुन्हा हलले. अखेर १९७२ साली जयंतराव केंब्रिजहून कायमचे परतले ते मुंबईला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत.

२०२५ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या आत्मचरित्राचे नाव ‘चार नगरांतले माझे विश्व’. त्याला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ही चार नगरे म्हणजे बनारस, केंब्रिज, मुंबई आणि पुणे. ज्या अजमेरला मधली काही वर्षे आईवडिलांचे घर होते, ते या चारांत नाही. जन्मगाव कोल्हापूरही नाही. अजमेरवर राग धरावा असे काही असेल असे नाही. पण सुट्टीपुरते घर मनात मुक्काम करत नाही, एवढे खरे.

दुर्गाघाटावरच्या घरांना ही भीती निदान नसते. वाडे जुने आणि जागचे. तिथे हलते ते दुसरेच काही. मुलगा ‘जाऊन येतो’ म्हणतो, आणि आई मनातल्या मनात पुढच्या डिसेंबरपर्यंतचे महिने मोजते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सामान बांधले जाते. लोणच्याच्या बरणीला चार-चार पिशव्यांत गुंडाळायचे, चिवड्याचे वजन करायचे, मग दोन पाकिटे काढून ठेवायची आणि त्याची पाठ वळताच एक पुन्हा आत सारायचे. गल्लीच्या तोंडाशी ऑटो येतो. सून वाकून नमस्कार करते. नात हिंदी, मराठी आणि इंग्रजी एकत्र करून काहीतरी सांगते, ते आजीला अर्धेच कळते.

आणि एखाद्या वर्षी असे होते की दुपारी बाबतपूरहून फोन येतो, ‘आई, धुक्यामुळे विमान रद्द झालंय, आम्ही परत येतोय.’ दोन आठवड्यांपूर्वी याच धुक्याला घरातल्या सगळ्यांनी शिव्या घातलेल्या असतात. आई काही बोलत नाही. फोन ठेवते, गुंडाळलेल्या गाद्या पुन्हा पसरते आणि कुकर चढवते.