केसपेपर जावा, पण कसा?

चाकणच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका तरुणाची कल्पना करा. त्याचे गाव बीड जिल्ह्यात, खोली भोसरीला. लहानपणी गावच्या दवाखान्यात पेनिसिलीनचे इंजेक्शन दिल्यावर त्याच्या अंगावर गांधी उठल्या, दम लागला. डॉक्टरांनी तसे केसपेपरवर लाल शाईने लिहून ठेवले. तो केसपेपर गावीच राहिला. उद्या अपघात होऊन या तरुणाला बेशुद्धावस्थेत पिंपरीच्या रुग्णालयात आणले, तर ती लाल ओळ डॉक्टरांना कोण दाखविणार?

याच पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. या औषधाने असंख्य प्राण वाचविले. परंतु ज्याच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडे आधीच तयार झाली आहेत, त्याला ते पुन्हा टोचल्यास काही मिनिटांतच रक्तदाब कोसळू शकतो. म्हणजे ती एक ओळ औषधाइतकीच मोलाची!

दूरदूरच्या गावांहून माणसे जेथे पोटासाठी येतात, त्या पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यात रुग्णाची नोंद संगणकावर असणे ही चैन नव्हे, गरज आहे. केंद्र सरकारने २०२१ साली आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू केले. त्यातील १४ अंकी ‘आभा’ क्रमांकामुळे रुग्णाच्या संमतीने एका रुग्णालयातील नोंद दुसऱ्या रुग्णालयाला पाहता येते.

मग उद्यापासून कागद बंद करावा काय? माझे मत असे, की घाई करू नये. त्याला तीन कारणे आहेत.

पहिले, संगणक चूकही तितक्याच इमानाने जपतो. अमेरिकेत सुमारे १० टक्के रुग्णांच्या नोंदीत पेनिसिलीनची अॅलर्जी लिहिलेली आढळते. पण तपासून पाहिल्यास त्यांतील बहुतेकांना ती नसते. जुने केसपेपर नुसते उतरवून काढले, तर जुन्या चुकाही उतरतील. उतरविताना त्या पारखल्या पाहिजेत.

दुसरे, यंत्र बंद पडते. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’मधील संगणकांवर सायबर हल्ला झाला आणि एवढ्या मोठ्या रुग्णालयाला कित्येक दिवस हाताने नोंदी कराव्या लागल्या. म्हणून नोंदींची प्रत वेगळ्या जागी असावी आणि कागदावर काम चालविण्याचा सराव परिचारिकांना व डॉक्टरांना अधूनमधून द्यावा. कारखान्यात आगीची कवायत घेतात, तशीच ही कवायत!

तिसरे, रोगाची नोंद ही रुग्णाची खाजगी गोष्ट आहे. कामगाराचा क्षय किंवा मधुमेह त्याच्या मुकादमाला कळण्याचे कारण नाही. नोंद कोणी, केव्हा उघडली याचीही नोंद राहिली पाहिजे.

तेव्हा एकेक विभाग घ्यावा, तेथील कर्मचाऱ्यांना शिकवावे, चुका सुधाराव्या आणि मगच पुढे जावे. वेळ लागेल, पण पाया पक्का होईल.

विद्यार्थी मित्रांनो, तोपर्यंत एक काम तुम्हीच करा. घरातील प्रत्येकाची चालू औषधे, न सोसणारी औषधे आणि जुने आजार एका वहीत लिहा. आजीला विचारा, तिला बरेच आठवत असेल. उद्याच्या संगणकात जायची माहिती प्रथम माणसानेच नीट गोळा करावी लागते.