नारळ दर्याला, नजर टोपलीकडे

आज नारळी पौर्णिमा. वेसाव्याच्या कोळीवाड्यातून सोनेरी कागदात मढवलेला नारळ वाजतगाजत बंदराकडे निघेल आणि अंधेरी-बोरिवलीच्या इमारतींतून नारळीभाताचा वास जिन्यापर्यंत येईल. दर्या शांत होवो, एवढंच आपलं मागणं. पण मागायच्या दिवशी थोडी मोजदादही करावी.

वेसाव्याला मोजदाद नवी नाही. १९६१ साली सुरू झालेली केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था इथलीच. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचं केंद्रही इथंच. होड्या लागल्या की मासा पट्टीवर आडवा ठेवायचा, तोंड टोकाला टेकवायचं, शेपटीपर्यंतचा आकडा वहीत उतरवायचा. काम कंटाळवाणं, पण वयात येण्याआधीच टोपलीत आलेल्या पिल्लांचा पत्ता त्याच वहीत लागतो. अमेरिकेत कोलंबिया नदीच्या धरणांवर समुद्राकडे निघालेली सॅल्मनची पिल्लं अशीच मोजतात. उबवणी केंद्रातून सोडलेल्या बहुतेक पिल्लांचा शेपटीजवळचा इवलासा पर आधीच छाटलेला असतो, म्हणजे घरची कोण आणि रानची कोण ते कळावं. (आपल्या हॉटेलांत रावसाला ‘इंडियन सॅल्मन’ म्हणतात, दोघांचं नातं काही नाही.) आपलं पापलेट मात्र सारं दर्याच्याच भरवशावर.

डोल जाळं भरती-ओहोटीच्या ओढीला तोंड करून उभं असतं. शेपटाकडे त्याची आस, म्हणजे जाळीची भोकं, बारीक, कारण बोंबील आणि जवळा त्याशिवाय हाती लागत नाही. त्याच आशीत पापलेटची पिल्लंही अडकतात. कोळ्याच्या नावानं बोटं मोडणं सोपं आहे. वर्षाचे ६१ दिवस, १ जून ते ३१ जुलै, होडी शाकारून बसतो तो तोच. २०२३ मध्ये सरकारनं ५४ जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवला, त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा केलं. मान दिला, बरं झालं. पण पंजात मावणारं पापलेट गिऱ्हाईक आहे म्हणूनच टोपलीत येतं, आणि ते गिऱ्हाईक आपण.

आपल्यापैकी अनेकांचा श्रावण अजून चालू आहे, तोवर दर्यालाही तेवढीच उसंत. मग गणपती जातील, आपण पिशवी घेऊन बाजारात उभे राहू. मावशी वरच्या मोठ्या पापलेटांचा भाव सांगेल, आपलं तोंड पाहील आणि खालून छोट्यांचा वाटा पुढे सरकवेल. तेव्हा म्हणू या, ‘हे राहू दे मावशी, बांगडे दे.’