मत तुमचंच आहे ना?

लोणावळ्याहून सकाळची लोकल पकडणाऱ्या दोस्तांनो, मळवली, कामशेत, वडगाव, तळेगाव करत शिवाजीनगरला पोचेपर्यंत तुमच्या हाताशी तासाहून जास्त वेळ असतो. तेवढ्यात एक अख्खा अल्बम आरामात ऐकून होतो. पण ऐकतो कोण?

‘द लोकल ट्रेन’ या बँडचा ‘आलस का पेड़’ २०१५ मध्ये आला. त्यातलं ‘छू लो’ सगळ्यांना पाठ. बाकीच्या गाण्यांपर्यंत किती जण पोचलात? चंडीगडमध्ये सुरू झालेल्या या बँडची गाणी ऐकणाऱ्यांनीच एकमेकांना ऐकवून मोठी केली. म्हणूनच २०२२ मध्ये गायक रमन नेगी बाहेर पडला, तेव्हा चाहते घरातलं कुणी गेल्यासारखे हळहळले.

अशा संगीताला ऐकणाऱ्याचं मत लागतं. आणि आपण काय करतो? ग्रुपवर कुणीतरी ‘ओव्हररेटेड’ म्हणतं, की मनापासून आवडलेलं गाणं गुपचूप प्लेलिस्टमधून काढून टाकतो. ‘भारी’ किंवा ‘बोअर’, विषय संपला!

त्यापेक्षा सांगा ना, कुठल्या गाण्याला खिडकीबाहेर बघत बसलात, कुठलं अर्ध्यात पुढे ढकललंत, कुठल्या गाण्याने बारावीचा निकाल आठवला. मित्राला तेच गाणं रटाळ वाटलं तर वाटू दे. त्याची बारावी वेगळी होती.

या आठवड्यात एक अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत ऐका, क्रम न बदलता. आणि उतरल्यावर शेजारच्याला ‘कसा वाटला?’ विचारायच्या आधी स्वतःचं सांगून टाका.