रस्त्यावरची चौपाटी

एरवी ज्या पट्ट्यावरून मोटारी सुसाट जायच्या, तिथे २१ जुलै २००२ रोजी पॅरिसकर अनवाणी हिंडत होते. सीन नदीच्या उजव्या काठावरचा मोटाररस्ता जवळपास तीन किलोमीटर बंद करून पालिकेने त्यावर वाळू ओतली होती, कुंड्यांतली ताडाची झाडे आणून ठेवली होती, छत्र्या रोवून आरामखुर्च्या मांडल्या होत्या. नाव दिले 'पारी-प्लाज', म्हणजे पॅरिसची चौपाटी. समुद्र तिथून मोटारीने दोन-अडीच तासांवर, आणि शेजारच्या नदीत पोहायला १९२३ पासून बंदी. पाण्यावाचून किनारा, असाच हा मामला. महापौर बर्त्राँ दलानोए यांची यथेच्छ टिंगल झाली. जनतेच्या पैशांवर चाललेली नौटंकी, असे विरोधक म्हणाले. मोटारवाले तर संतापलेच. मात्र चार आठवड्यांत वीस लाखांहून अधिक माणसे तिथे येऊन गेली आणि पुढच्या उन्हाळ्यात वाळू परत आली. ब्रसेल्सने २००३ मध्ये लगेच तिची नक्कल केली.

हे सारे कुणासाठी होते, ते समजायला पॅरिसचा ऑगस्ट माहीत हवा. मे महिन्यात मुंबईचा चाकरमानी कोकणची वाट धरतो, तसे ऑगस्टमध्ये अर्धे पॅरिस गाव सोडते. बेकरीच्या दारावर 'महिनाभर बंद' अशी पाटी लटकते, ओळखीचा डॉक्टर सुट्टीवर असतो. मागे उरतात ती ज्यांना जाणे परवडत नाही अशी माणसे. कारकून, सफाई कामगार, स्थलांतरितांची कुटुंबे, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या. ऑगस्ट २००३ च्या उष्णतेच्या लाटेत फ्रान्समध्ये सुमारे १५ हजार माणसे दगावली. त्यांत मोठा भरणा वृद्धांचा होता आणि त्यांतल्या कित्येकांचे नातेवाईक तेव्हा सुट्टीवर गेलेले होते. काठावरच्या चार छत्र्यांनी असे मृत्यू टळतात, असा दावा कुणी करू नये. पण शहरात मागे राहिलेल्यांचाही उन्हाळा असतो, एवढे त्या नगरपालिकेला सुचले होते. अनेक नगरपालिकांना तेवढेही सुचत नाही.

तिथे दिवसभर काय चालते, असे विचारले तर उत्तर जवळजवळ 'काहीच नाही' असे येईल, आणि तीच तिथली खरी गंमत. कुणी खुर्चीत पुस्तक तोंडावर धरून झोपलेला असतो. पालिकेच्या वाचनालयाच्या खोक्यातून मुले चित्रकथा उचलतात. पितळी नळ्यांतून पाण्याचे बारीक तुषार उडतात आणि त्यांच्याखालून ओल्या केसांची चार-सहा पोरे किंचाळत पळतात. त्यांना आवरायला उठलेली आईही दोन पावले जास्तच आत जाते. पलीकडे म्हातारे पेतांक खेळत असतात. लोखंडी गोळे टाकायचे, ते लहानशा लाकडी गोळीच्या किती जवळ पडले ते वाकून बघायचे आणि मग त्यावरून तावातावाने भांडायचे, असा हा खेळ. संध्याकाळी कुठे वाद्ये लागतात आणि अनोळखी माणसे एकमेकांसोबत नाचतात. तिकीट नाही, पास नाही. तासाचे भाडे न भरता शहराच्या ऐन मध्यावर बसायला मिळणे ही आजच्या महानगरात दुर्मीळ चीज झाली आहे. मॉलमध्येही बसता येते म्हणा, पण तिथला रखवालदार दहा मिनिटांनी बघू लागतो.

हा उत्सव निव्वळ भाबडा नव्हता, हेही सांगायला हवे. अंगावर किती कपडे असावेत यावरून २००६ मध्ये नियम निघाला आणि उघड्या छातीने पहुडणाऱ्या बायांना ३८ युरो दंडाची ताकीद मिळाली. उदारमतवादाच्या राजधानीत हे व्हावे, यावर वर्तमानपत्रांनी हात धुऊन घेतले. २०१७ मध्ये तर वाळूच गायब झाली. ती पुरवणाऱ्या सिमेंट कंपनीने अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या भिंतीसाठी माल द्यायची तयारी दाखवली होती. पॅरिसच्या नगरसेवकांनी त्याचा निषेध करून तिच्याशी संबंध तोडला. त्या वर्षी सीनकाठी वाळूविना चौपाटी भरली. गर्दी आली ती आलीच.

पण दलानोए यांचा डाव वाळूपुरता नव्हता. ज्या रस्त्यावर ती पडली, त्या रस्त्याला इतिहास होता. शहराने मोटारींशी जुळवून घ्यावे, अशा मताच्या जॉर्ज पाँपिदू यांनी पंतप्रधान असताना १९६७ मध्ये हा वेगवान मार्ग खुला केला. पुढे त्याला त्यांचेच नाव मिळाले. नोत्र-दाम आणि लूव्रच्या पायथ्याशी, नदीला अगदी खेटून, रोज सुमारे ४० हजार गाड्या धावू लागल्या. असा रस्ता कायमचा बंद करतो म्हटले असते, तर महापौर दुसऱ्या दिवशी घरी गेले असते. त्यांनी तो महिनाभर बंद केला आणि एरवीही ऑगस्टमध्ये वाहने कमीच असतात. लोकांनी गाडीविना काठ एकदा पायांनी अनुभवला. मग दरवर्षी अनुभवला. दहा वर्षांनी प्रश्न उलटा झाला. एवढा छान काठ आपण उरलेले अकरा महिने गाड्यांना का देतो, असे लोकच विचारू लागले.

मग डाव्या काठाचा पट्टा २०१३ मध्ये पादचाऱ्यांना मिळाला. उजव्या काठाचे तीन किलोमीटरहून अधिक अंतर कायमचे बंद करण्याचा ठराव दलानोए यांच्यानंतरच्या महापौर आन हिदाल्गो यांच्या काळात, सप्टेंबर २०१६ मध्ये झाला. तो सहज पचला नाही. वाहतूक शेजारच्या रस्त्यांवर तुंबली, उपनगरांतून कामाला येणाऱ्यांचे हाल झाले आणि त्यांची तक्रार खोटी नव्हती. फेब्रुवारी २०१८ मध्ये प्रशासकीय न्यायालयाने तो निर्णय रद्दही केला. परिणामांचा जो अभ्यास लोकांसमोर ठेवला तो चुकीचा आणि अपुरा होता, असे न्यायालय म्हणाले. पालिकेने हट्ट सोडला नाही. सीनचे काठ १९९१ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत, त्या आधारावर नवा आदेश काढला आणि ऑक्टोबरमध्ये तो न्यायालयात टिकला. महिनाभराची मजा आणि न्यायालयात टिकणारा आदेश यांत १६ वर्षांचे अंतर होते. शिवाय पालिका एकदा तोंडघशीही पडली होती. हे आमच्या घाईखोर नियोजनकारांनी नोंदवून ठेवावे.

मध्यंतरी चौपाटीने आणखी एक शहाणपणाचे पाऊल टाकले. २००७ मध्ये ती शहराच्या ईशान्येला, ला व्हिलेतच्या जलाशयावरही भरू लागली. पर्यटकांच्या पॅरिसपासून दूर, कष्टकरी वस्तीच्या १९ व्या विभागात. नेपोलियनच्या काळात, १८०८ मध्ये पाणीपुरवठ्यासाठी बांधलेल्या या जलाशयात २०१७ च्या उन्हाळ्यात जाळीचे तरंगते तलाव बांधले गेले. शहराच्या पाण्यात पोरे अखेर कायदेशीर सूर मारू लागली. आपल्या गावाकडे ही मौज विहिरीत किंवा पाटाच्या पाण्यात आपसूक मिळत असे. शहर तिला मुकते आणि मग ती मोठ्या खर्चाने परत आणावी लागते.

सीनमध्ये मात्र वाळू, छत्र्या आणि घोषणा यांपैकी काहीच कामाचे नव्हते. शहराचे महापौर असताना जाक शिराक यांनी १९९० मध्ये तीन वर्षांत आपण सीनमध्ये पोहून दाखवू, असे जाहीर केले होते. ते कधीच पोहले नाहीत. कारण अडचण जमिनीखाली होती. पॅरिसच्या जुन्या गटारांत मैला आणि पावसाचे पाणी एकाच नळातून वाहते. मोठी सर आली की नळ भरतो आणि जादा पाणी नदीत सोडावे लागते. ऑलिम्पिकच्या निमित्ताने सुमारे १.४ अब्ज युरो या कामावर खर्ची पडले. ओस्तरलित्झ स्थानकाजवळ ५० हजार घनमीटर पाणी तात्पुरते साठवणारी भूमिगत टाकी बांधली, वरच्या बाजूच्या घरांचे चुकीचे जोड दुरुस्त केले, नदीतल्या नौकाघरांना मलवाहिनीशी जोडले. इतके करूनही २०२४ च्या ऑलिम्पिकमध्ये पाऊस पडला आणि पुरुषांची ट्रायथ्लॉन एक दिवस पुढे गेली.

इथे पुण्याची आठवण होणे अपरिहार्य आहे, कारण मुठेच्या पात्रातला रस्ता आणि पाँपिदू यांचा रस्ता ही सख्खी भावंडे शोभतील. पुराच्या पाण्यात सीनकाठचा रस्ता बुडतो. खडकवासला धरणातून विसर्ग वाढला की भिडे पूल बुडतो आणि पात्रात लावलेल्या गाड्या काढायला धावपळ होते. पुण्यानेही नदीचा काठ मोटारींना देऊन टाकला, तोही पार्किंगसाठी. नदी स्वच्छ करण्यासाठी जपानच्या 'जायका' संस्थेच्या कर्जाचा करार २०१६ मध्ये झाला आणि ४४ किलोमीटरच्या नदीकाठ सुशोभीकरणाची कोनशिला मार्च २०२२ मध्ये बसली. काठावर दगडी बांध आणि फरशा दिसू लागल्या. पूल ओलांडताना नाक दाबावे लागतेच. पॅरिसने एक काठ आधी फक्त महिनाभरासाठी सोडून पाहिला, बाकी पैसे गटारात घातले. आपण काठ कायमचा बांधायला घेतला आणि गटाराचे पुढे बघू म्हटले. पुणे महापालिकेने एखाद्या मे महिन्याचे चार रविवार नदीपात्रातला रस्ता बंद ठेवून पाहावा. खर्च जवळजवळ नाही. काय होईल ते पाहणे एवढेच.

पॅरिसमध्ये ५ जुलै २०२५ रोजी बेर्सी, ग्रनेल आणि ईल सँ-लुईजवळ अशा तीन जागी सीनमध्ये सर्वांना मोफत पोहायला मिळाले, बंदीनंतर शंभर वर्षांनी. कमरेला पिवळा फुगा बांधायचा आणि पाण्याची रोजची स्थिती सांगणारा झेंडा पाहून उतरायचे. सुरुवातीच्याच दिवसांत पाऊस झाला आणि लाल झेंडा लागला. पोहायला आलेले कुरकुरत काठावर बसून राहिले. ऑगस्ट संपला तशा शिड्या काढल्या गेल्या. उजव्या काठाच्या त्या रस्त्यावर त्यानंतरही सायकली, चालणारी माणसे आणि पेतांक खेळणारे म्हातारेच होते.